भटक्या टोळ्यांना नाणी कशाला लागत होती? तुमच्या तीन नाण्यांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या ट्रंकेतल्या पत्र्याच्या डबीत तांब्याची दोन नाणी सापडली. सोबत त्यांच्या हातची चिठ्ठी आहे: ‘पेशावर, १९४१’. एक नाणं मोठं आणि जाड आहे. पुढे लांब कोट आणि बूट घातलेला राजा, मागे बैलापुढे उभा पुरुष, तुमच्या मते शिव. दुसरं त्याच्या निम्म्या वजनाचं. पुढे किरणं असलेलं डोकं, मागे घोडेस्वार. तिसरं, चौकोनी भोकाचं, तुमच्या भाचीने बिश्केकहून आणलं, ती तिथे एमबीबीएस करते. एका व्यापाऱ्याने तिन्ही उलटसुलट करून ‘मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांची’ एवढंच सांगितलं. तुम्ही विचारता, तंबूत राहणाऱ्या, घोड्यांमागे फिरणाऱ्या माणसांना नाणी कशाला? शिवाय ही खरी आहेत का, आणि स्वच्छ कशी करायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली की नुकसान भरून येत नाही. काहीही करू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, भांडी घासायची पावडर नको. नाणी कोरडी ठेवा आणि हे उत्तर पुरतं वाचा.

आता ओळख. मोठं नाणं कुषाण राजा विम कडफिसेसचं आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. घोडेस्वाराचं नाणं त्याच्या एक पिढी आधीचं. त्यावर राजाचं नाव नाही, फक्त ग्रीक बिरुद आहे: ‘सोटर मेगास’, म्हणजे थोर त्राता. भोकाचं नाणं आठव्या शतकातल्या तुर्गेश या तुर्क टोळीचं. म्हणजे तुमच्या तळहातावर सहाशेहून अधिक वर्षं आहेत. तिन्ही नाणी पाडणाऱ्यांचे पूर्वज घोड्यांच्या पाठीवर वाढलेले होते, आणि तरीही यातलं एकही नाणं तंबूत जन्मलेलं नाही. ते कसं, तेच सांगतो.

‘भटके’ म्हटलं की वाट फुटेल तिकडे जाणारी माणसं आपल्या डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडच्या धनगरांचा वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असतं की तसं नसतं. कोणत्या महिन्यात कुठल्या घाटाने उतरायचं, कोणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, बदल्यात किती धान्य किंवा पैसे घ्यायचे, हे सगळं ठरलेलं असतं. चरणारा कळप आणि पिकवणारं गाव यांचा व्यवहार फार जुना आहे. मध्य आशियातही तेच होतं, फक्त अंतरं प्रचंड आणि घोडेस्वारांच्या हाती शस्त्रं. शेतकरी आणि बाजारपेठेची गावं त्यांच्या ताब्यात आली की त्या गावांबरोबर टांकसाळीही ताब्यात येत. टांकसाळीतले कारागीर तेच राहत, बाजारही तोच राहत असे. मालक तेवढा नवा.

याचं सर्वात चांगलं उदाहरण तुमच्या पहिल्या दोन नाण्यांच्या मागेच उभं आहे. युएची नावाचे लोक आजच्या चीनच्या कान्सू प्रांताच्या बाजूला राहत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात शिओंग्नू या दुसऱ्या भटक्या सत्तेने त्यांना तिथून हुसकावलं. हजारो कोस पश्चिमेला सरकत ते अमुदर्याच्या काठी आले. अमुदर्या म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतली वंक्षू. इ.स.पू. १२८च्या सुमारास चिनी सम्राटाचा दूत चांग च्येन त्यांच्यापर्यंत पोहोचला. शिओंग्नूंविरुद्ध त्यांनी पुन्हा लढावं, ही विनंती घेऊन तो आला होता. त्यांनी नकार दिला, कारण नवी जमीन सुपीक होती आणि सूडाची ओढ उरली नव्हती. त्याच्या वृत्तांतातली एक छोटी नोंद मला फार मोलाची वाटते. युएचींचा तळ नदीच्या उत्तरेला, आणि त्यांच्या अमलाखालच्या दक्षिणेकडच्या देशाच्या राजधानीत तऱ्हेतऱ्हेच्या मालाचा बाजार. घोडे नदीच्या एका तीरावर, बाजार दुसऱ्या तीरावर. नाणं कशाला लागलं याचं उत्तर त्या दोन तीरांमध्ये आहे.

तो दक्षिणेकडचा देश म्हणजे बाल्हिक, ग्रीकांचं बॅक्ट्रिया. तिथे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांनी जगातली अत्यंत देखणी चांदीची नाणी पाडली होती. त्यांचा शेवटचा मोठा राजा हेलिओक्लीज. ग्रीक सत्ता कोसळली, तरी हेलिओक्लीजची नाणी थांबली नाहीत. पुढे कित्येक दशकं त्याच्याच नावाची नक्कल होत राहिली. सुरुवातीच्या नकला चांदीच्या आणि बऱ्यापैकी सुबक आहेत. मग चांदीत तांबं वाढत जातं, राजाचा चेहरा सुजल्यासारखा होतो, ग्रीक अक्षरं नुसत्या रेघा बनतात. शेवटी नाणं निव्वळ तांब्याचं होतं, आणि काहींच्या मागच्या बाजूचा झ्यूस देव जाऊन तिथे घोडा येतो. मी प्रथम असं घोड्याचं नाणं हातात घेतलं तेव्हा बराच वेळ काही बोललो नव्हतो. नव्या मालकांनी शंभरेक वर्षं आपलं नाव लिहिलं नाही, पण घोडा मात्र आत आणला.

नाव का लिहिलं नाही? बाजाराला चेहरा ओळखीचा लागतो म्हणून. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पेशवाईतला अंकुशी रुपया आठवा: राज्य मराठ्यांचं, लेख फारसीत, नाव दिल्लीच्या बादशहाचं, आणि कोपऱ्यात अंकुशाची खूण आपली. सावकार नाव वाचत नसे, ओळखीची घडण आणि धातूचा कस पाहत असे. युएचींनी केलं ते याच जातीचं.

यातून तुमच्या मोठ्या नाण्याचं एक कोडं सुटतं. तांब्याचं नाणं इतकं जड कशाला? किराणा दुकानात देण्यासाठी सतरा ग्रॅमचा तुकडा कोण घडवेल? अभ्यासक सांगतात की हे वजन ग्रीकांच्या चांदीच्या मोठ्या नाण्याकडून, चौद्रम्माकडून, वारशाने आलं. चांदी हळूहळू निघून गेली, आकार आणि वजन मागे राहिलं. कुषाणांनी पुढे सोन्याची आणि तांब्याची नाणी अमाप पाडली, चांदीला मात्र जवळजवळ हातच लावला नाही. तुमच्या आजोबांच्या डबीतलं ते जाड नाणं म्हणजे चांदी गमावलेल्या ग्रीक नाण्याचा पणतू आहे.

युएचींचे पाच सरदार होते. त्यांपैकी कुषाणांचा सरदार कुजुल कडफिसेस याने बाकीच्या चौघांना गुंडाळून राज्य एक केलं आणि काबूलकडे सरकला. चिनी इतिहासात तो ऐंशीहून अधिक वर्षं जगल्याची नोंद आहे. त्याची नाणी जवळजवळ सगळी तांब्याची आहेत आणि प्रदेशागणिक वेगळी. काबूलच्या बाजूला हर्मायस या मरून गेलेल्या ग्रीक राजाची छबी चालत होती, तर कुजुलने तीच घेतली. पुढच्या बाजूला ग्रीक लिपीत हर्मायसचं नाव, मागे खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत स्वतःचं: ‘कुजुल कसस कुषण यवुगस ध्रमठिदस’, म्हणजे कुषाणांचा यवुग, धर्मात स्थिर असलेला कुजुल कस याचं. यवुग ही टोळीच्या सरदाराची पदवी. जुन्या पिढीतले विद्वान या नाण्यांवरून हर्मायस आणि कुजुल एकत्र राज्य करत होते असं मानत. आता कळतं की दोघांमध्ये शंभरेक वर्षांचं अंतर होतं. हर्मायस तेव्हा फक्त नाण्यांवर जिवंत होता. आणखी एका जातीच्या नाण्यावर कुजुलने रोमन सम्राटासारखं डोकं घेतलं, दुसऱ्या एकावर पुढे बैल आणि मागे दोन वशिंडांचा उंट. तो दोन वशिंडांचा उंट हिमालयापलीकडचा आहे. ज्याच्या पाठीवर घर बांधून त्यांचे आजे-पणजे आले, त्याला त्यांनी नाण्यावर जागा दिली.

आता तुमचं घोडेस्वाराचं नाणं. माझं या नाण्यावर विशेष प्रेम आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

कुजुलच्या काळात गावागणिक नाणं बदलायचं. हे नाणं येतं आणि तो पसारा आवरला जातो. अमुदर्यापासून मथुरेपर्यंत एकच छाप, एकच वजनाचं माप. मोठं साधारण साडेआठ ग्रॅमचं, छोटं त्याच्या पाव वजनाचं. तुमचं मोठ्यातलं आहे. पुढचं किरणांचं डोकं राजाचं की सूर्यासारख्या देवाचं, यावर वाद आहे. त्याच्या हातात बाण दिसतो का पाहा, डोक्याच्या मागे तीन दातांची खूण असेल. घोडेस्वाराभोवतीचा ग्रीक लेख म्हणतो, ‘राजांचा राजा, थोर त्राता’. पण ‘राजांचा’ या शब्दाचं ग्रीक रूप चुकलं आहे. ठसा कोरणाऱ्याला ही अक्षरं येत होती, भाषा घरची नव्हती. राजाचं नाव नसल्यामुळे दीडशेहून अधिक वर्षं अभ्यासक भांडत राहिले: हा कोण? कुजुलचा कोणी बंडखोर सुभेदार, की स्वतंत्र राजा?

मग १९९३ साली अफगाणिस्तानात रबातक इथे एक शिलालेख सापडला. भाषा बाख्त्री, म्हणजे बाल्हिकची, लिपी ग्रीक. त्यात कनिष्क आपली वंशावळ सांगतो: पणजोबा कुजुल कडफिसेस, आजोबा विम तक्तू, वडील विम कडफिसेस. हा मधला विम तक्तू तोवर राजांच्या यादीत नीट बसलेलाच नव्हता. नाव नसलेली इतकी नाणी एका बाजूला, आणि नाणी नसलेला राजा दुसऱ्या बाजूला. बहुतेक अभ्यासकांनी दोन्ही जुळवले. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण मला पटतं. एवढ्या मोठ्या प्रदेशात एकच तांब्याचं चलन बसवणं सुभेदाराचं काम नाही. तुमच्या मोठ्या नाण्यावरचा ग्रीक लेखही ‘राजांचा राजा, थोर त्राता’ असाच सुरू होतो, आणि मग विम कडफिसेसचं नाव येतं. बापाचं बिरुद मुलाने पुढे चालवलं.

ती तीन दातांची खूण म्हणजे तमगा. तुर्क-मंगोल लोकांत हा शब्द आजही आहे. कळप मोठे, कुरणं सामाईक, म्हणून प्रत्येक घराण्याची खूण तापल्या लोखंडाने घोड्याच्या पुठ्ठ्यावर उमटवायची, आपल्याकडे गुरांना डाग देत तसं. तीच खूण नाण्यावर आली. विम कडफिसेसच्या नाण्यावर ती राजाच्या शेजारी आहे, पुढच्या राजांच्या नाण्यांवर दातांची संख्या आणि बुंध्याचा आकार बदलत जातो. मी नवशिक्यांना सांगतो, भटक्यांच्या वंशजांचं तांब्याचं नाणं हाती आलं की आधी चेहरा पाहू नका, नाव वाचायला जाऊ नका, डाग शोधा. चेहरा उसना असू शकतो, लिपी उसनी असू शकते, देवही स्थानिक असतो. डाग मात्र घरचा.

मोठ्या नाण्याकडे परत येऊ. राजाच्या अंगात जाड लांब कोट, पायात बूट, समोर छोटं अग्निपात्र, त्यावर हात. हा थंड प्रदेशातल्या घोडेस्वाराचा पोशाख आहे, पेशावरच्या मैदानातल्या उन्हाळ्यात तो किती जड झाला असेल! तरीही राजाने तो नाण्यावर सोडला नाही. मागे बैलापुढे उभा असलेला पुरुष तुम्ही शिव म्हणून ओळखलात, ते बरोबर आहे. हातातला त्रिशूळ नीट दिसतो. भोवतीची तुम्हाला ‘किड्यांसारखी’ वाटलेली अक्षरं खरोष्ठी आहेत, उजवीकडून डावीकडे वाचायची: ‘महरजस रजदिरजस सर्वलोग-ईश्वरस महिश्वरस विम कठ्फिशस’ आणि शेवटी ‘त्रदर’, म्हणजे त्राता. ग्रीक बाजूचा ‘सोटर’ इकडे त्रदर झाला. एकच नाणं दोन बाजूंनी दोन लिपींत बोलतं, म्हणूनच १८३०च्या दशकात कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप अशा दुभाषी नाण्यांच्या आधाराने खरोष्ठी उलगडू शकला. त्याला लागणारा माल बहुतांशी काबूलजवळच्या बेग्रामच्या माळावरून येत होता. चार्ल्स मॅसन नावाने वावरणारा, कंपनीच्या फौजेतून पळालेला एक सैनिक तिथून हजारोंनी तांब्याची नाणी गोळा करत होता. सोन्याचं एखादं नाणं सापडलं की बाकीचे खूश व्हायचे. मॅसनने झिजलेलं तांबंही टाकलं नाही, आणि त्यामुळेच आपल्याला हा इतिहास मिळाला.

तांब्याला मी इतकं महत्त्व का देतो? सोनं कुठेही सोनंच. त्याचं वजन करून रोममध्येही विकता येतं. तांब्याच्या नाण्याची किंमत धातूपेक्षा शब्दावर चालते: ‘हे घे, उद्या दुसरा दुकानदार तुझ्याकडून घेईल.’ तो शब्द जिथवर चालतो तिथवर नाणं चालतं. म्हणून तक्षशिलेच्या सिरकप भागात उत्खननात कुजुलचं तांबं ढिगाने निघालं, तेव्हा त्याची सत्ता तिथल्या भाजीबाजारापर्यंत पोहोचली होती हे सिद्ध झालं. राजवाड्यातल्या शिलालेखाने एवढं सिद्ध होत नाही. नियमाला अपवाद आहेत. कुषाणांचं तांबं पूर्वेकडे फार दूर गेलं आणि ओडिशात त्याच्या ओबडधोबड नकला पाडल्या गेल्या, त्यांना ‘पुरी-कुषाण’ म्हणतात. पण अपवादही हेच सांगतो की लोक घडणीला ओळखत होते.

ही कहाणी आपल्या दारापर्यंतही येते. युएचींच्या रेट्यामुळे पुढे सरकलेले शक हेही त्याच गवताळ प्रदेशातले. त्यांच्यापैकी क्षहरात घराण्याचा क्षत्रप भूमक याची तांब्याची नाणी गुजरातच्या बाजूला मिळतात: एका बाजूला बाण, वज्र, चक्र, दुसऱ्या बाजूला सिंहस्तंभाचा शिरोभाग. लेख ब्राह्मीत आहे आणि खरोष्ठीतही. पश्चिम किनाऱ्यावर खरोष्ठी कोणाला वाचता येत होती? फारशी कोणालाच नाही. ती लिपी त्यांनी वायव्येकडून सोबत आणली. त्याच घराण्यातला नहपान नाशिकपर्यंत आला. त्याचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यांत स्वतःच्या दानांचा हिशोब कोरतो: सत्तर हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा ठोकला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांच्या साठ्यात नऊ हजारांहून जास्त नाणी अशी पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा चेहरा खाली, सातकर्णीचं चिन्ह वर. भिंगाखाली दोन्ही एकदम दिसतात.

भाचीचं नाणं वेगळ्या जगातलं आहे. पहिली दोन ठोकीव: तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवून वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. हे ओतीव आहे, साच्यात धातू ओतून केलेलं. पहिली दोन तांब्याची, हे खऱ्या अर्थाने कांस्याचं. शुद्ध तांबं ओतायला हट्टी असतं, १०८५ अंशांना वितळतं आणि साच्यात पोकळ्या धरतं. कथील आणि शिसं मिसळलं की ते लवकर वितळतं आणि बारीक अक्षरांत नीट उतरतं. मधलं चौकोनी भोक चिनी पद्धतीचं. ६२१ साली थांग राजांनी सुरू केलेल्या नाण्याचा हा नमुना पश्चिमेकडे समरकंदपर्यंत आणि चू नदीच्या खोऱ्यापर्यंत पसरला. नाणी ओतली की चौकोनी दांड्यावर ओवून कडा कानशीने घासत, म्हणून भोक चौकोनी असलेलं बरं पडतं, नाणी फिरत नाहीत.

तुर्गेश हे पश्चिमी तुर्कांच्या मोडतोडीतून वर आलेले. त्यांचं केंद्र सुयाब. त्याचे अवशेष आजच्या किर्गिझस्तानात तोकमोकजवळ अक-बेशीम इथे आहेत, तुमच्या भाचीच्या वसतिगृहापासून गाडीने दीड-दोन तासांवर. कागान स्वतः घोडेस्वारांचा राजा, पण सुयाबमध्ये दुकानं सोग्दी व्यापाऱ्यांची. समरकंदकडचे हे लोक तेव्हाच्या व्यापारी वाटांचे हिशेबनीस होते. म्हणून नाण्याचा आकार चिनी, लिपी आणि भाषा सोग्दी, नाव तुर्काचं, आणि मागच्या बाजूला धनुष्यासारखी खूण, म्हणजे पुन्हा तमगा. लेखाचा अर्थ ‘स्वामी तुर्गेश कागानाचं नाणं’. त्यातला ‘नाणं’ या अर्थाचा शब्द आहे ‘पनी’, आणि अभ्यासक तो संस्कृत ‘पण’शी जोडतात. आपल्या कार्षापणातला पण, आपल्या ‘पणन’ शब्दातला पण, तुर्क राजाच्या कांस्यावर चिनी भोकाशेजारी बसला आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. याच सुयाबला ६३०च्या सुमारास ह्युएन त्संग पश्चिमी तुर्कांच्या कागानाला भेटला, आणि दहा-अकरा वर्षांनी तो आपल्या महाराष्ट्रात, पुलकेशीच्या राज्यात होता. भाचीला हे नक्की सांगा.

सुलुक नावाचा त्यांचा सर्वात बलवान कागान ७३८ साली मारला गेला आणि सत्ता विस्कटली. ७६६ साली कार्लुक या दुसऱ्या तुर्क टोळीने चू नदीचं खोरं घेतलं.

खरंखोटं कसं ठरवायचं? फोटोवरून मी शंभर टक्के सांगणार नाही, पण पाहायचं काय ते सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दशांश कळत नाही, सराफाकडे जाऊन दोन दशांशांपर्यंत वजन करून घ्या. विम कडफिसेसचं नाणं सोळा-सतरा ग्रॅमच्या आसपास यायला हवं. बैलाचीच छाप असलेलं नाणं आठ-नऊ ग्रॅमचं निघालं आणि खरोष्ठी नसली, तर ते वासुदेव या नंतरच्या कुषाण राजाचं असण्याची शक्यता जास्त, मग तुमचं नाणं शंभर वर्षांनी धाकटं होईल. नाणं दोन बोटांत उभं धरून दारासारखं फिरवा. कुषाणांच्या बहुतेक तांब्यात मागची बाजूही सरळच उभी दिसते, डोकं खाली पाय वर होत नाहीत. कडेवर भिंग धरा. ठोकीव नाण्याच्या कडेला सबंध फिरणारी सांध्याची रेघ असेल, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतील आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे असतील, तर ते साच्यातून काढलेलं नकली. हीच कसोटी भोकाच्या नाण्याला लावू नका, ते मुळातच ओतीव आहे. तिथे भोकाच्या आतल्या कडा, कानशीच्या खुणा आणि अक्षरांच्या फटीतला थर पाहावा लागतो. आणखी एक फसवणूक असते: नाणं खरं, पण झिजलेला चेहरा अलीकडे कोरून उठावदार केलेला. चेहरा ताजा आणि शेजारची अक्षरं पुसट दिसली की सावध व्हा. तुमच्या फोटोत मला तसं दिसत नाही.

आता साफसफाई. ताक तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आंबट आणि खारट तांब्याला खातं. नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर म्हणजे घाण नव्हे. दोन हजार वर्षांत धातूने स्वतःभोवती तयार केलेली ती कातडी आहे, आणि बऱ्याचदा अक्षरं धातूत उरलेलीच नसतात, त्या थरात असतात. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ चिंचेने लखलखीत घासलेलं सोटर मेगासचं नाणं घेऊन आले होते. घोडा गेला होता, स्वार गेला होता, उरली होती तांब्याची गुलाबी चकती. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पण फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर मात्र तो रोग आहे. मातीतले क्षार तांब्यात शिरलेले असतात, हवेतल्या ओलाव्याने ते जागे होतात आणि नाणं आतून पोखरतात. मीठ लावून घासणं म्हणजे त्या रोगाला खायला घालणं. अशा वेळी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत काही आठवडे ठेवायचं, मग पूर्ण कोरडं करायचं. भुकटी पुन्हा आली तर स्वतः प्रयोग न करता संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा. तुम्ही ठाण्यात राहता, पावसाळ्यात हवा ओली असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यातून चिकट हिरवा द्रव सुटतो.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. वारशाने घरात असणं गुन्हा नाही, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं मात्र गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८चा कायदा लागतो, तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. भाचीला सांगा की तिकडेही जुन्या वस्तू बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, यापुढे बाजारातून उचलून आणू नये. अशी नाणी खणून काढणारे लोक अक-बेशीमसारख्या जागा उकरतात, आणि नाणं कोणत्या थरात होतं ही माहिती कायमची जाते.

म्हणूनच त्या डबीतली सर्वात मोलाची वस्तू मला ती चिठ्ठी वाटते. पेशावरच्या बाजारात १९४१ साली ही नाणी मिळाली, एवढी एक ओळ लाखो अनाथ नाण्यांच्या नशिबी नसते. चिठ्ठी नाण्यांपासून वेगळी करू नका, पण त्यांना चिकटूनही ठेवू नका, आम्लयुक्त कागद तांब्याला बाधतो. तिचा फोटो काढा, आजोबा तेव्हा फौजेत होते की रेल्वेत, कोणत्या महिन्यांत तिकडे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. सवड काढून तिन्ही नाणी आणि चिठ्ठी तिथे घेऊन जा. तोवर सराफाकडची तीन वजनं, नाण्यांचे व्यास आणि तिरक्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. सोटर मेगासच्या डोक्यामागे तीन दात स्पष्ट दिसतात का, ते आधी कळवा.